गुलाब द्या, पण आधी तुकडी ठरवा

सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक विद्यालयाच्या मुख्याध्यापिकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘आमच्याकडे ५वी ते १०वी, पट ४१२. यंदा ५वीत ४८ मुलं येतील. ८वीत आमची ७वीतून आलेली ५२ आहेतच, शिवाय आजूबाजूच्या चार गावांतल्या जि. प. शाळांतून ३६ नवी. ८वी ‘अ’ सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून), ‘ब’ मराठी. दर वर्षी पहिल्या दिवशी तोरणं, औक्षण, गुलाब, पेढे, पाहुण्यांची भाषणं, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार असा अडीच तासांचा कार्यक्रम होतो. गेल्या वर्षी त्यात आठवीची एक मुलगी उन्हात चक्कर येऊन पडली. जुलैच्या मध्यापर्यंत आठवीच्या नव्या मुलांतली नऊ जण कधी यायची, कधी नाही. त्यातली सात सेमीची. दोन मुली तर यायच्याच बंद झाल्या, दाखलाही नेला नाही. संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, यंदा स्वागत आणखी दणक्यात करा म्हणजे मुलं टिकतील. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. खर्चाला आठ हजार रुपये आहेत.’

नमस्कार मॅडम,

तुम्ही जाता जाता लिहून गेलात ते वाक्य आधी परत वाचा: नऊपैकी सात सेमीची. गुलाब कमी पडले म्हणून ही मुलं गेलेली नाहीत. त्यामुळे कार्यक्रमाचं नंतर बघू, आधी सेमीचं बोलू.

जि. प. शाळेत सातवीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल तुमच्याकडे येतं. प्रवेशाच्या दिवशी पालकांना विचारलं जातं, ‘सेमी की मराठी?’ शेजारी चार माणसं उभी असतात. कुठल्या बापाला ‘मराठी’ म्हणायला आवडेल? पोरगं ‘अ’मध्ये जातं. पहिल्या आठवड्यात गणिताचे सर परिमेय संख्यांचा धडा काढतात. बोलतात मराठीत, लिहितात इंग्रजीत. या मुलाला अंश-छेद पक्के येतात, लसावि काढता येतो. फळ्यावर मात्र न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, एलसीएम. विज्ञानात सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण. त्यातला प्रत्येक शब्द नवा, आणि त्याचं स्पेलिंगही नवं. येत असलेलं गणित त्याला येईनासं होतं. शेजारी तुमचीच सातवीतून आलेली मुलं बसलेली असतात, त्यांना हे शब्द पाचवीपासून सरावाचे. पंधरा दिवसांत मूल स्वतःला ढ समजायला लागतं, मग पोट दुखतं, मग शेतात काम निघतं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. प्रवेशाच्या वेळी माध्यमाचा निर्णय कच्चा ठेवा. पालकांना छापील चिठ्ठीवर सांगा की ३१ जुलैपर्यंत तुकडी बदलता येईल, कारण विचारलं जाणार नाही आणि कुणी कमीपणा मानणार नाही. बोर्डाच्या अर्जावर माध्यम भरायचं ते दहावीत, त्यामुळे आठवीत बदल केल्याने मुलाचं काही बिघडत नाही. मात्र निर्णय एकट्या वर्गशिक्षकांवर सोडू नका. गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक नव्या मुलाजवळ पाच मिनिटं बसावं आणि एकच गोष्ट तपासावी: तेच उदाहरण मराठीत दिलं तर सुटतं का? सुटत असेल तर अडचण शब्दांची आहे, आणि ती भरून निघते. मराठीतही सुटत नसेल तर तुकडी बदलून काही होणार नाही, त्याला पाचवी-सहावीच्या पायापासून मदत लागेल. या दोन अडचणींची सरमिसळ झाली की उपाय चुकतो. सेमीतून काढलेलं हुशार पोर ‘ब’मध्ये कंटाळतं, आणि भागाकार न येणारं पोर दोन्हीकडे बुडतं.

शब्दांसाठी फळ्याची उजवी कड राखून ठेवा. गणिताचे चार आणि विज्ञानाचे चार असे रोज आठ शब्द, मराठी-इंग्रजी जोडीनं. दिवसभर पुसायचे नाहीत. शनिवारी पाच मिनिटांत तोंडी उजळणी. सहा आठवड्यांत अडीचशेच्या वर शब्द होतात. पहिल्या चार-पाच धड्यांना तेवढे पुरतात. शिवाय ‘अ’च्या वर्गात गणित आणि विज्ञानाची मराठी माध्यमाची पाच-पाच पुस्तकं ठेवा. गेल्या वर्षीच्या ‘ब’च्या मुलांची जुनी चालतील. तीही नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत आहेत, पहिले तीन धडे छापून घ्या. मुलं ती चोरून वाचतात असा अनुभव आहे, म्हणून शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर एक पुस्तक उचलून त्यातली व्याख्या मोठ्यानं वाचावी. मग चोरी राहत नाही.

‘ब’ तुकडीचंही बघा. सेमी न घेतलेली सगळी नवी मुलं आणि तुमची ‘राहिलेली’ मुलं एकत्र आली की शिपायापासून सगळे त्या वर्गाला ‘ब म्हणजे बाकीचे’ म्हणू लागतात. नावात बदल करा, अ-ब ऐवजी नद्यांची नावं द्या. पण नाव बदलून भागणार नाही, तुमचे गणिताचे सगळ्यात चांगले शिक्षक यंदा ‘ब’ला द्या. शिक्षक खोलीत यावर कुरकुर होईल. होऊ द्या. आणि दोन्ही तुकड्यांत बसवताना एका गावची निदान तिघं एकत्र राहतील असं पाहा. गावातून एकटंच आलेलं मूल सगळ्यात आधी गळतं, त्यातही मुलगी असेल आणि वाटेत सोबत नसेल तर घरचेच थांबवतात.

आता शाळा उघडण्याआधीच्या दोन आठवड्यांत काय करायचं ते बघू.

पहिलं काम त्या चार गावांत जाणं. प्रवेश घ्यायला पालक तुमच्याकडे येतात, त्यात एका मजुरीचा दिवस जातो. जून म्हणजे पेरणी, बी-बियाणं आणि खताला पैसा संपलेला. संध्याकाळी सातनंतर समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओट्यावर बसा. वर्गशिक्षक, एक शिक्षिका आणि त्याच गावची नववीत गेलेली दोन मुलं एवढे पुरे. तिथेच अर्ज भरून घ्या. तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहा: पोर येणार कशानं, घरून लवकर निघायला मदत करणारं कोण, आणि दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जातात का. तिसरा प्रश्न जूनमध्ये अनेकांना अवेळी वाटेल. पण हंगामी वसतिगृहाची किंवा आजीकडे राहण्याची सोय ऑक्टोबरात बघू म्हटलं की उशीर होतो, तोवर ट्रॅक्टर निघालेला असतो.

दाखल्यावरून कुणाला परत पाठवू नका. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये हे स्पष्ट आहे. चारही जि. प. शाळांच्या मुख्याध्यापकांना एकत्र यादी द्या, दाखले गठ्ठ्यानं मागवा आणि यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत मुलं तुमच्याकडे वर्ग झाली का ते त्याच वेळी बघा. दाखला हातात आला की आधार कार्डाशेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ‘ज्ञानेश्वर’चा ‘ज्ञानेशवर’ झालेला असतो, आधारवर वडिलांच्या जागी आजोबा असतात. जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत रीतसर प्रस्ताव पाठवून होते. दाखला घेऊन गेल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. दहावीच्या प्रमाणपत्रावर चुकलेलं नाव पुढे प्रत्येक अर्जात आडवं येतं, म्हणून हे काम आठवीतच उरका.

दुसरं काम एसटीचं. मुलं कुठल्या थांब्यावरून किती, शाळा भरते-सुटते किती वाजता, याचा एक तक्ता करून आगार व्यवस्थापकांना आत्ताच द्या. अर्जात ‘बस वेळेवर सोडावी’ एवढंच लिहिलं तर तो अर्ज फायलीत जातो. ‘अमुक फाट्यावर १४ मुलं, पैकी ९ मुली, ९.५० च्या आत गाडी हवी’ असं लिहिलं तर वाहतूक नियंत्रकाला काही करता येतं. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, मुलांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे. मुलांची यादी आधी दिली तर महामंडळाची माणसं शाळेत येऊन पास देतात, आगारात रांग लावायला लागत नाही. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर आठवीपासून मुलींना सायकलीची मदतही आहे, गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. परतीची गाडी मात्र स्वतः तपासा. सकाळची गाडी सगळे बघतात. पाच वाजता सुटलेली शाळा आणि साडेसहाची गाडी यांच्या मधला दीड तास मुली फाट्यावर उभ्या राहतात, आणि त्या दीड तासापायी शाळा बंद होते. गाडी पुढे-मागे होत नसेल तर तेवढा वेळ वाचनालय उघडं ठेवा, एक शिक्षिका आणि शिपाईकाका थांबतील असं बघा.

तिसरं, इमारत. दीड महिना बंद राहिलेली पाण्याची टाकी नुसती धुवून भागत नाही. पूर्ण रिकामी करा, तळाचा गाळ काढा, भिंती घासा. मग भरून दर हजार लिटरला १५० ते २०० ग्रॅम टीसीएल (ब्लिचिंग) पावडर बादलीत कालवून, निवळी गाळून घाला. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी सगळं पाणी सोडून द्या. हे पाणी कुणी पिऊ नये म्हणून नळांवर कापड बांधा. त्यानंतर रोजच्या पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल पुरते, पण घातल्यावर निदान तासभर थांबा. पावडर जुनी, दमट झालेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेला नसतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी, करून घ्या, नमुना पिवळसर झाला पाहिजे. पहिल्या पावसानंतर ही चाचणी पुन्हा करा, शाळा सुरू झाल्यावर येणारे जुलाब बहुतेक तेव्हाचे असतात.

मुलींच्या स्वच्छतागृहात आतून कडी लावून बघा. बाहेरून बघून ‘चालू आहे’ म्हणणारे खूप असतात. पावसात दार फुगतं, कडी खोबणीपर्यंत पोचत नाही, आणि मग एक मुलगी आत गेली की दुसरीला दार धरून उभं राहावं लागतं. नव्या मुलीला दार धरणारी मैत्रीण अजून झालेली नसते. ती दिवसभर पाणीच पीत नाही. सुताराला बोलावून दार रंधून घ्या, कडी एक इंच वर-खाली बसवा, झाकणाची बादली ठेवा. छपराच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांची पोळी आणि मागच्या गवतात साप, दोन्ही बघून घ्या. बाकांचे वर आलेले खिळेही ठोकून घ्या, पहिल्याच दिवशी नवा गणवेश फाटला की घरी बोलणी बसतात.

आता पहिला दिवस.

अध्यक्षांना नाही म्हणू नका, तारीख बदलून द्या. २६ जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती, राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून होते. शाळा जूनच्या मध्यावर उघडली की हा दिवस दहा-अकरा दिवसांवर येतो. पाहुणे, भाषणं, गुणवंतांचा सत्कार, फोटो, सगळं तिकडे न्या. कारणही सांगायला चांगलं आहे: कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ साली आणणाऱ्या राजाच्या जयंतीला शाळेचा मोठा कार्यक्रम शोभतो. तोवर मुलं रुळलेली असतात, गाणं-लेझीम बसवायला वेळ मिळतो आणि पालकांनाही येता येतं. पहिल्याच सकाळी ९४ टक्क्यांवाल्यांचा सत्कार बघून नव्या मुलाला एवढंच कळतं की इथे कुणाला मान आहे.

पहिल्या दिवशी अध्यक्षांना फाटकात उभं करा. प्रत्येक मुलाला नावानं ‘ये’ म्हणायचं, पुस्तकांचा संच हातात द्यायचा. माणूस फाटकात अर्धा तास उभा राहिला की त्याला शाळा दिसते, व्यासपीठावरून दिसत नाही.

फाटकाशी पाचवीचं एक आणि आठवीचं एक अशी दोनच टेबलं. नावांच्या याद्या ठळक देवनागरीत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, प्लॅस्टिकखाली, तीन ठिकाणी. यादीत नाव, तुकडी, खोली आणि सोबत्याचं नाव. यादीत नाव सापडलं नाही तर मूल रडवेलं होतं, म्हणून टेबलावरच्या शिक्षिकेकडे कोरी ओळ असावी: नाव लिहायचं, खोलीत पाठवायचं, चौकशी नंतर. गणवेश नाही, दाखला नाही, पाटीभर कागद नाहीत, असं काहीही असलं तरी खोलीत पाठवायचं.

सोबती म्हणजे नववीची मुलं-मुली. तीन नव्यांमागे एक, म्हणजे तुमच्या ८४ (४८ आणि ३६) जणांसाठी २८. दहावीची घेऊ नका, त्यांचे जादा तास सुरू होतात आणि जुलैत ती दिसेनाशी होतात. वर्गातले मॉनिटर शक्यतो टाळा, त्यांना हुकूम सोडायची सवय असते. मुलींना मुलीच, आणि शक्य तिथे त्याच एसटीनं येणारी. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी त्यांना दीड तास बोलवा आणि प्रत्यक्ष फिरवा: पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, कार्यालय, वाचनालय, बसथांबा, जेवायला बसायची जागा. तीन सूचना द्या. नव्याला एकटं जेवू द्यायचं नाही. त्याची गंमत झाली तर तिथल्या तिथे थांबवायचं. दोन दिवस दिसला नाही तर वर्गशिक्षकांना सांगायचं. हे काम ३१ जुलैपर्यंत. सोबत्यांना आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बोलावलं नाही तर दुसऱ्या आठवड्यात व्यवस्था संपते. मुलांचा दोष नसतो, कुणी विचारत नाही म्हणून ती विसरतात.

औक्षण करायचंच असेल तर हिशेब बघा. एका मुलाला पंधरा सेकंद धरले तरी ८४ मुलांना एकवीस मिनिटं, आणि बाकीची उन्हात. दोघी-तिघींनी वर्गाच्या दारात करावं, रांगेत नको. ओवाळायला ‘सुवासिनीच’ शोधू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि शासनानं तो इतर गावांपुढे ठेवला, शाळेनं मागे का राहावं? आणि कुणा घरी कुंकू लावत नसतील तर फूल द्यायचं, विचारपूस करायची नाही. सगळ्यांनाच फूल दिलं तर हा प्रश्न येतच नाही. मला विचाराल तर फूल पुरे.

मैदानावरचं सगळं मिळून चाळीस मिनिटं: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, तुमचं पाच मिनिटांचं बोलणं, शिक्षकांची ओळख. मुलांना बसवून. गेल्या वर्षीच्या मुलीचं बहुधा असं झालं असेल: सकाळी काही न खाता पायी किंवा गाडीत उभी आली, मग उन्हात ताठ उभी. गुडघे आवळून न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस खाली येतो. जूनच्या दमट उकाड्यात हे लवकर होतं. कुणी पडलंच तर सावलीत आडवं करा, पाय फूटभर वर उचलून धरा, गळ्याची गुंडी सैल करा, वारा घाला. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा-चप्पल हुंगवणारे पुढे येतील, त्यांना मागे सारा. मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध आली तर ठीक. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध किंवा झटके असतील तर तो उष्माघात धरा, अंगावर पाणी ओतत १०८ ला फोन करा.

पेढ्यांऐवजी गरम शिरा द्या. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी धाकटा भाऊ जेवतो आणि नववीतली बहीण बघत बसते. त्या दिवशी सगळ्यांनाच वाढा. माणशी ३० ग्रॅम रवा धरला तर ४३० जणांना १३ किलो रवा, १० किलो साखर, तूप आणि तेल मिळून ४ किलो, पाणी रव्याच्या तिप्पट. तुमच्या आठ हजारांतले साधारण तीन हजार यात जातील. रवा दोन घाण्यांत भाजा, एकाच कढईत तळाचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. सुट्टीत कोठीत राहिलेल्या पोषण आहाराच्या तांदळाला पोरकिडे लागलेले असतात, तो आदल्या दिवशी चाळून, ऊन देऊन घ्या. वाढण्याआधी अर्धा तास एका शिक्षकानं चव घ्यायचीच. उरलेल्या पैशांत कड्या, टीसीएल, याद्यांची छपाई आणि फुलं बसतात.

वर्गातला पहिला तास वर्गशिक्षकांचा. या तासात काय करू नये ते आधी सांगते. ‘उभं राहून वडील काय करतात ते सांगा’ नको. ‘शिष्यवृत्तीवाले हात वर करा’ तर मुळीच नको. त्या एका हात वर करण्यानं वर्गाची जातवार विभागणी दहा सेकंदांत होते आणि वर्षभर पुसली जात नाही. ती माहिती अर्जातून घ्या, कागद घरी पाठवा. हजेरी वाचताना आडनाव गाळून नाव घ्या. बाकांवर कोण कुठे बसणार ते तुम्हीच ठरवा आणि दर सोमवारी बदला. मुलांवर सोडलं तर वाडीप्रमाणे, आळीप्रमाणे बसतात.

मग वेळापत्रक फळ्यावर. तात्पुरतं चालेल, पण त्याच दिवशी हवं. जि. प. शाळेत एक-दोन गुरुजी सगळे विषय घेत असतात, इथे तासाला माणूस बदलतो. कुठला विषय कधी ते कळलं नाही तर मूल सगळं दप्तर घेऊन येतं. पहिले पंधरा दिवस २०० पानी एकच वही सगळ्या विषयांना. ‘उद्या बारा वह्या, खाकी कव्हर, लेबल’ असं पहिल्या दिवशी सांगणाऱ्या सरांना प्रेमानं थांबवा. पेरणीच्या दिवसांत घरात तेवढे पैसे नसतात आणि वही नाही म्हणून पोर दुसऱ्या दिवशी येत नाही. नववीला पुस्तकं विकत घ्यावी लागतात, तेव्हा दहावीत गेलेल्यांकडून जुने संच पहिल्याच आठवड्यात गोळा करा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात वीस मिनिटं सुरक्षिततेची: मारणं, टोमणे, नको असलेला स्पर्श झाला तर कुणाला सांगायचं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीतल्या सदस्यांची नावं आणि मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक फलकावर रंगवून घ्या. तक्रारपेटी तुमच्या दारासमोर नको, तिथे चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या वाटेवर लावा.

पहिल्या आठवड्यात पायाभूत चाचणी घ्यायची असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी घ्या आणि गुण वर्गात वाचू नका.

राहिली हजेरी. हे काम जुलैतलं, आणि खरं स्वागत इथेच कमी पडतं. आठवीच्या ३६ नावांचा वेगळा कागद करा. सलग दोन दिवस गैरहजर, की त्याच दुपारी फोन. तिसऱ्या दिवशी घरी भेट, सोबत्याला घेऊन. ‘पालकांना घेऊन ये, मगच वर्गात बस’ हे वाक्य शाळेतून हद्दपार करा. पालकांची मजुरी बुडते म्हणून ते येत नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणून मूल आठवडाभर घरी राहतं. दोन दिवसांची गैरहजेरी अशी दहा दिवसांची होते. कारण एका शब्दात लिहा: गाडी, भांगलण, सेमी, भांडण, आजार, वारी. वारीचे दिवस सोडून द्या, तुमच्या भागात आषाढीला अर्धी गावं रस्त्यावर असतात. पण कागदावर ‘भांगलण’ तीनदा आलं तर विचारा, कारण मुलं सेमी हा शब्द उच्चारत नाहीत, शेतातलं काम सांगतात.

आणि त्या दोन मुली. दाखला नेलेला नाही म्हणजे त्यांची नावं अजून तुमच्याच रजिस्टरला आहेत. गावात सभा घ्यायला जाल त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जा, शिक्षिकेला बरोबर घेऊन. वर्ष वाया गेलं म्हणून खालच्या वर्गात बसवणार नाही, हे आधी सांगा. शिक्षण हक्क कायद्यात १४ वर्षांपर्यंत वयाला साजेशा वर्गात प्रवेश आहे, मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवणंही आहे, आणि वय उलटलं असलं तरी तुम्हाला घ्यायला कुणी अडवलेलं नाही. एसटीचा पास, मराठी तुकडी आणि गावातली सोबतीण, या तिन्ही गोष्टी त्या बैठकीतच ठरवून या. घरात लग्नाची बोलणी चालू आहेत असं वाटलं तर तिथे वाद घालू नका, परत येऊन त्याच दिवशी १०९८ ला कळवा आणि ग्रामसेवकांच्या (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) कानावर घाला.